सोन्याच्या भावाखाली डॉलर-युरोच्या दोन ओळी पण छापा

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, 2022 ला रिटायर झाले. तुमचा पेपर आमच्याकडे सासरे होते तेव्हापासून येतो, आणि पेपर उघडला की घरात सगळ्यात आधी वाचली जाते ती सोन्या-चांदीच्या भावाची चौकट. आमच्याच नाही, गल्लीतल्या सगळ्या घरात हेच. जळगावच्या सराफ बाजारात आज काय भाव फुटला हे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी महिनाभर आमच्याकडे पावसापेक्षा जास्त बोललं जातं. पण डॉलरचा भाव तुम्ही आत अर्थविषयक पानावर छापता, ते पान आमच्याकडे थेट रद्दीत जातं. मी स्वतः तीस वर्षं ते पान वाचलं नाही. डॉलर म्हणजे एक्सपोर्टवाल्यांचं, मुंबईवाल्यांचं काम असंच वाटायचं. ते तसं नाहीये हे मला सप्टेंबर 2025 मध्ये बँकेच्या काउंटरवर कळलं, आणि म्हणूनच हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल, पण छापाल अशी आशा आहे.

झालं असं. माझ्या मुलाला इंजिनिअरिंगनंतर जर्मनीत मास्टर्स करायचं होतं. तिकडच्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नसते, म्हणून आमच्यासारख्यांना अमेरिकेपेक्षा ते जमण्यासारखं वाटतं. पण फी नसली तरी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच तिकडच्या एका खात्यात भरून दाखवावे लागतात, त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात, मग त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम मुलाला मिळते. 2022 च्या सप्टेंबरात ही रक्कम 10,332 युरो होती. तेव्हा युरो 79 रुपयांच्या आसपास, बँकेचा दर धरला तर 81. म्हणजे 8 लाख 37 हजार. मी नुकतीच रिटायर झालेले, ग्रॅच्युइटीचे पैसे हातात होते, मुलगा म्हणाला आई मी आधी पुण्यात तीन वर्षं नोकरी करतो, अनुभव घेतो, मग जातो. मी म्हटलं ठीक आहे, साडेआठ लाख वेगळे काढून तीन वर्षांची एफडी केली, 6 टक्क्यांनी. पावती कपाटात ठेवली, वर पेन्सिलने लिहिलं "जर्मनी", आणि निश्चिंत झाले. वाटलं, रक्कम तर आजच आहे, वर व्याज मिळेल ते तिकिटाला आणि थंडीच्या कपड्यांना होईल.

तीन वर्षांनी एफडी मोडली, 10 लाख 15 हजारांच्या आसपास आले. मधल्या काळात जर्मनीने ती रक्कम दोनदा वाढवली, आधी 11,208 आणि मग सप्टेंबर 2024 पासून 11,904 युरो. आणि युरो? सप्टेंबर 2025 मध्ये 103. बँकेने लावला 105. काउंटरवरच्या मुलीने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून दाखवला, 12 लाख 50 हजार. मी तिला दोनदा परत करायला लावलं. वर परदेशी पैसे पाठवताना वर्षाला 10 लाखांच्या वर जी रक्कम जाते त्यावर शिक्षणासाठी तेव्हा, 2025 मध्ये, 5 टक्के टीसीएस होता, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो टॅक्स, तो साडेबारा हजार, रिटर्न भरताना तो वळता करून मिळतो हे खरं पण त्या दिवशी तर भरावाच लागतो ना. (एज्युकेशन लोनमधून पाठवले तर हा टीसीएस लागत नाही, हे मला नंतर कळलं, म्हणून इथे लिहून ठेवते, कोणाच्या तरी कामी येईल.) एकूण अडीच लाखांच्या जवळपास कमी पडले. एफडी बुडाली नव्हती, बँक बुडाली नव्हती, कोणी फसवलं नव्हतं. व्याजासकट सगळे पैसे मिळाले होते आणि तरी पुरत नव्हते.

घरी येऊन मी वही घेऊन बसले, कारण मला हिशेब लागल्याशिवाय झोप येत नाही. 2022 ला 8 लाख 37 हजार लागले असते, 2025 ला साडेबारा लाख, फरक 4 लाख 13 हजारांचा. यातले दीड-पावणेदोन लाख जर्मनीने रक्कम वाढवली म्हणून. उरलेले जवळजवळ अडीच लाख फक्त आणि फक्त युरोचा भाव 81 चा 105 झाला म्हणून. माझं तीन वर्षांचं सगळं व्याज होतं 1 लाख 65 हजार, ते पूर्ण त्यात गेलं आणि वर मुद्दल पण कमी पडलं.

आणि यातली सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. या तीन वर्षांत मुलगा अधूनमधून म्हणायचा रुपया पडतोय आई, तेव्हा मी टीव्हीवर बघायचे, डॉलर 80 चा 83 झाला, 85 झाला, 88 झाला. म्हणजे दहा टक्के वाढला तीन वर्षांत, मी म्हणायचे व्याजात निघेल. पण आम्हाला डॉलर लागणारच नव्हता! आम्हाला लागणार होता युरो, आणि युरो त्याच तीन वर्षांत 30 टक्के वाढला. कारण 2022 च्या सप्टेंबरात युक्रेनच्या युद्धामुळे युरोपात गॅस-विजेचे हाल होते आणि युरो एका डॉलरच्याही खाली गेलेला होता, वीस वर्षांत झालं नव्हतं असं. 2025 मध्ये उलट, डॉलर जगभर नरम पडला, एक युरो म्हणजे 1.17 डॉलर झाला. रुपया डॉलरपुढे पडला आणि डॉलर युरोपुढे पडला, आम्ही दोघांच्या खाली सापडलो. बातम्यांमध्ये रुपया म्हटलं की फक्त डॉलरच सांगतात, त्यामुळे ज्यांची मुलं जर्मनी, आयर्लंड, इंग्लंडला आहेत ते चुकीचाच काटा बघत बसतात. मी बघत बसले होते.

पैसे कुठून उभे केले? पाटल्या मोडल्या. 2010 मध्ये पगारातून साठवून केल्या होत्या, दोन मिळून 28 ग्रॅम, तेव्हा सोनं 10 ग्रॅमला 18 हजारांच्या आसपास होतं. सराफाने काट्यावर ठेवल्या, कस बघितला, घट-बीट धरून 2 लाख 60 हजारांच्या वर दिले. पंधरा वर्षांपूर्वी मजुरी धरून पन्नास-पंचावन्न हजारांत झाल्या असतील. हातातून काढताना वाईट वाटलं नाही म्हणणार नाही, पण खरं सांगायचं तर मुलाचं जर्मनी त्या पाटल्यांनी वाचवलं. आमच्या सासूबाई नेहमी म्हणायच्या, "पोरी, नोटा म्हंजे कागद शे, सोनं ते सोनं शे." मला वाटायचं जुन्या बायका असंच बोलतात. सराफाच्या दुकानातून पायऱ्या उतरताना मात्र डोक्यात आलं की एफडी आणि पाटल्या एकाच कपाटात होत्या, मग एक का पुरी पडली नाही आणि दुसरी का पुरून उरली?

ते मी नंतर समजून घेतलं आणि हाच माझ्या पत्राचा मुद्दा आहे. आपल्याकडे सोनं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. त्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो, एका औंसाला, म्हणजे 31.1 ग्रॅमला. सप्टेंबर 2025 च्या सुरुवातीचा हिशेब बघा: औंस साधारण 3,500 डॉलर, डॉलर 88 रुपये. दोन्हीचा गुणाकार 3 लाख 8 हजार. त्याला 31.1 ने भागलं की ग्रॅमला 9,900, म्हणजे तोळ्याला (आता तोळा म्हणजे आपण 10 ग्रॅमच धरतो) 99 हजार. त्यावर 6 टक्के आयात ड्युटी, त्यावर 3 टक्के जीएसटी, झाले 1 लाख 8 हजार. तुमच्या चौकटीत त्या दिवसांत हाच भाव होता की नाही? आता जगात सोनं एक पैसाही हललं नाही आणि फक्त डॉलर 88 चा 90 झाला तर तोळ्यामागे अडीच हजार रुपये वाढतात. आणि तो झालाच, डिसेंबर 2025 मध्ये डॉलर 90 च्या वर गेला. म्हणजे आपली आई, आजी, सासू, ज्या बायकांनी उभ्या आयुष्यात डॉलरची नोट बघितली नाही, त्यांनी डाग (दागिने) करून करून घरात डॉलरच साठवला होता. फक्त त्याला कोणी डॉलर म्हणत नव्हतं.

याचा अर्थ सोन्याची सगळी वाढ रुपया पडल्यामुळेच असते असं नाही, हेही नीट सांगायला हवं, नाहीतर लोक चुकीचं धरतील. सरकारने नोव्हेंबर 2015 मध्ये सुवर्ण रोखे, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेले सरकारी कागद, काढले होते, पहिला रोखा 2,684 रुपये ग्रॅमने दिला आणि आठ वर्षांनी नोव्हेंबर 2023 मध्ये 6,132 रुपयांनी परत घेतला, वर पावणेतीन टक्के व्याज वेगळं. त्यातला मोठा भाग जगातच सोनं महागलं त्याचा, आणि त्यावर डॉलर 66 चा 83 झाला त्याचा. दोन्ही मिळून पैसे सव्वादोन पट झाले. ही योजना फेब्रुवारी 2024 नंतर नव्याने निघाली नाही, मला याचं वाईट वाटतं, कारण आमच्या भागातल्या बायकांना डाग न करता सोनं ठेवायचा याहून सोपा रस्ता नव्हता, मजुरी नाही, घट नाही, चोरीची भीती नाही. माझ्या ओळखीत किती जणींनी तो घेतला होता माहितीये? दोघींनी. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि ही स्थिती. कारण पोस्टात-बँकेत कोणी समजावून सांगितलंच नाही.

अमळनेरच्या माणसाला तर हे सगळं सगळ्यात आधी कळायला पाहिजे होतं. 1945 मध्ये आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तीच पुढे विप्रो झाली हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. गावातल्या जुन्या घरांत ते शेअर्स होते, काहींनी जपून ठेवले, बोनस मिळत गेले आणि त्यांचं काय सोनं झालं हे सगळ्या खान्देशाने ऐकलंय. सगळे म्हणतात काय नशीब. पण ती कंपनी पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि तिची बहुतेक कमाई परदेशातून, डॉलरमध्ये यायला लागली, हे कोणी बोलत नाही. कंपनी चांगली चालली हे मुख्य, ते आहेच, पण डॉलर महागला की तेवढ्याच कामाचे रुपये जास्त येतात, हाही भाग त्यात आहे. म्हणजे ज्या घरात शेअर होते त्या घराची बचत डॉलरच्या बाजूला बसलेली होती आणि ज्या घरात नुसती पतपेढीची पावती होती ती रुपयाच्या बाजूला. दोघं शेजारी शेजारी राहणारे.

आता शेतकऱ्यांचं. माझे दीर कापूस लावतात. ते म्हणतात वहिनी, रुपया पडला की आपल्याला चांगलं, बाहेरचा कापूस महाग पडतो, मग आपल्याला भाव मिळतो. पुस्तकात हे बरोबर आहे. पण ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढली, आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन वेचणीचा सगळा काळ. रुपया पडल्याचा जो फायदा मिळायचा तो तिथेच पुसला गेला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल होता आणि दारावर येणारा व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होता. दुसरीकडे खतांमधलं पोटॅश सगळं बाहेरून येतं, डीएपीचा मोठा भाग बाहेरून येतो. डीएपीची गोणी 1,350 ला मिळते ती सरकार सबसिडी भरतं म्हणून, पोटॅशला तेवढा आधार नाही त्यामुळे त्याची गोणी घेताना खिशाला कळतं. डिझेलचं तर काय सांगायचं, देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आपण विकत आणतो. रावेर-यावलकडची केळी कंटेनरने आखातात जाते, तिकडे सौदा डॉलरमध्ये होतो, पण शेतकऱ्याला भाव लागतो बोर्डावर (म्हणजे इथे जाहीर होणाऱ्या केळीच्या दराने), रुपयात, आणि बोर्ड काढणारा डॉलर बघून काढतो की गाड्या किती आल्या ते बघून हे शेतकऱ्याला कोण सांगणार. खर्चाच्या बाजूला डॉलर थेट घरात येतो आणि उत्पन्नाच्या बाजूला तो रस्त्यातच कुठेतरी उतरतो. ज्याच्याकडे चार पैसे उरतात तो ते परत रुपयाच्याच पावतीत टाकतो.

या सगळ्याचा उलटा अनुभव असणारी घरंही आहेत. आमच्या मागच्या गल्लीतला मुलगा अमेरिकेत आहे, तो रुपया पडला की आईवडिलांना पैसे पाठवतो, त्यांना आनंद. एनआरई एफडी (परदेशात राहणाऱ्यांची इथली रुपयातली एफडी) करतो, इथे व्याजावर टॅक्स नाही. पण त्याला जेव्हा ते पैसे परत डॉलर करून न्यायचे असतील तेव्हा 7 टक्के व्याजातले तीन-साडेतीन टक्के रुपयाच्या घसरणीतच जातील हे त्याला पण आधी लक्षात आलं नव्हतं. पैसा शेवटी कुठे खर्च होणार, त्यावर सगळं आहे.

रुपया कायम पडतच जातो असंही समजू नका, ही दुसरी चूक आहे. लांबचं बघितलं तर पडतोच, 6 जून 1966 ला एका दिवसात डॉलर 4.76 चा 7.50 केला, 1991 च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झालं आणि 21 चा 26 च्या जवळ गेला, त्याच वर्षी देशाने 47 टन सोनं बाहेर गहाण ठेवलं होतं (तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागलेले, स्टाफरूममध्ये सगळे पुरुष शिक्षक मोठ्याने वाचायचे आणि आम्हा बायकांच्या अंगावर काटा यायचा, देशाने पण सोनं गहाण ठेवलं म्हणून). तिथपासून 90 पर्यंत म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पण मध्येच 2003 ते 2007 रुपया वधारला होता, 48 वरून 39 पर्यंत. त्या काळात कोणी सगळी पुंजी डॉलरला बांधली असती तर चार-पाच वर्षं रडला असता. आणि 2013 च्या ऑगस्टमध्ये काही आठवड्यांतच 60 चा 68 च्या वर गेला, त्यात घाबरून ज्यांनी त्याच दिवशी डॉलर घेतले त्यांना महिनाभरात तो 62-63 ला खाली आलेला दिसला. म्हणून मला हे अंदाज लावायचं काम करायचंच नाहीये आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

कारण अंदाजाच्या नावाखाली आमच्याकडे आता भलतंच चाललंय आणि ते मला तुमच्यापर्यंत पोहोचवायचंच आहे. माझा एक जुना विद्यार्थी, नाव सांगत नाही, मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्याचं. धुळ्याला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार होतं, चहा-नाश्ता फ्री. सूटबूटवाल्याने पडद्यावर दाखवलं रुपया कसा पडतोय, बचत कशी मरतेय, ते सगळं खरंच होतं, आणि मग म्हणाला यावर उपाय म्हणजे आमच्या ॲपवर डॉलर-युरोची ट्रेडिंग, महिन्याला 8 टक्के. याने एक लाख ऐंशी हजार भरले, त्यात बायकोच्या भिशीचे होते. ॲपवर तीन महिन्यांत तीन लाख दिसायला लागले. काढायला गेला तर म्हणे आधी पन्नास हजार टॅक्स भरा. तेव्हा माझ्याकडे आला. मी त्याला काय सांगणार, उशीर झाला होता. इथे राहणाऱ्या माणसाला चलनाची ट्रेडिंग फक्त मान्यताप्राप्त एक्सचेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ठिकाणीच करता येते, बाकी ॲपवर केली तर फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने आपणच अडकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 पासून अशा परवानगी नसलेल्या ॲप-वेबसाइटची अलर्ट लिस्ट काढली आहे, वेळोवेळी नावं वाढवतात, आणि त्या यादीत नाव नाही म्हणजे ॲप चांगलं असंही नाही हे रिझर्व्ह बँक स्वतः सांगते. हे सगळं त्या पोराला आधी मराठीत कोणी सांगितलं असतं तर? रुपया पडतोय हे त्याला पहिल्यांदा कोणी नीट समजावलं तर ते त्या सूटबूटवाल्याने. आपण सांगत नाही म्हणून ते सांगतात, आणि अर्धं खरं सांगून अर्ध्यात लुटतात.

मी आता काय करते तेही लिहिते, सल्ला म्हणून नाही, एका घरात काय केलं म्हणून. जे पैसे इथेच खर्च होणार आहेत, माझं आजारपण, घराची डागडुजी, किराणा, ते रुपयातच आहेत, सिनिअर सिटिझन स्कीममध्ये 8.2 टक्क्यांनी आणि थोडे बँकेत, एका बँकेत 5 लाखांच्या आतच कारण विम्याचं संरक्षण तेवढंच आहे. त्यांना डॉलर-युरोची भीती घालायची मला गरज वाटत नाही. जे पैसे मुलाला तिकडे लागतील ते एकदम शेवटच्या दिवशी न बदलता तीन-चार वेळेला थोडे थोडे पाठवते, एकदा 103 ला गेले, एकदा 105 ला, सरासरी पडते. वर्षाला एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आमच्यासारख्यांना ती मर्यादा लागणारही नाही. बँकेत जाताना पॅन, ए-2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज), युनिव्हर्सिटीचं पत्र, आणि आधी विचारायचं की आज तुमचा विकायचा दर काय, पेपरमधला नाही तुमचा. आमच्या बँकेचा आणि पेपरातल्या दराचा फरक दोन रुपयांचा होता, 11,904 युरोवर तो 23-24 हजार होतो. दुसऱ्या बँकेत विचारून बघायला कोणी अडवत नाही, पण मी त्या दिवशी इतकी गडबडले होते की विचारलंच नाही. आणि पाटल्या गेल्या त्याच्या जागी परत पाटल्या केल्या नाहीत, दर महिन्याला थोडे गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारं कागदी सोनं, घेते, मुलाने मोबाईलवर लावून दिलंय. अंगावर घालता येत नाही एवढंच.

या वर्षी आमच्या ओळखीच्याच सहा-सात घरांतली मुलं बाहेर निघाली आहेत, दोघं जॉर्जियाला एमबीबीएसला, तिथली फी डॉलरमध्ये आणि ती एकदा नाही, पुढची सहा वर्षं दरवर्षी. एजंटने त्यांना कागदावर आजच्या डॉलरने गुणून सहा वर्षांची एकच बेरीज लिहून दिलीये. त्यातल्या एका मुलीचे वडील एसटीत कंडक्टर आहेत, तो कागद त्यांनी मला दाखवला आणि म्हणाले मॅडम बजेट बसतंय. मी त्यांना शेजारी दुसरी बेरीज करून दिली, वर्षाला साडेतीन टक्के वाढवून, ती दीड-पावणेदोन लाखांनी जास्त आली. ते गप्प बसले. मग म्हणाले बरं झालं आत्ता कळलं.

तर संपादक साहेब, मागणी छोटी आहे. सोन्याच्या भावाची जी चौकट आहे ना, तिच्याखाली रोज दोन ओळी द्या. पहिली, औंस सोनं इतके डॉलर. दुसरी, डॉलर इतके रुपये, युरो इतके, आणि मागच्या वर्षी याच दिवशी इतके होते. आत नाही, पहिल्याच पानावर, त्याच चौकटीत, कारण बायका तिथेच बघतात. आठवड्यातून एकदा रविवारच्या पुरवणीत कोणी बँकेतल्या माणसाकडून चार शब्द मराठीत लिहून घ्या, टीसीएस काय, ए-2 फॉर्म काय, अलर्ट लिस्टमध्ये नवीन नावं कोणती आली. मी 2022 पासूनचे युरो आणि सोन्याचे भाव वहीत उतरवून ठेवले आहेत, आधीचे मागे जाऊन शोधून काढले आणि सप्टेंबर 2025 पासून दर सोमवारी स्वतः लिहिते. तुमच्या कामाचे असतील तर वहीची झेरॉक्स पाठवते.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर, जि. जळगाव